दहा मार्चचा मोर्चा, आणि तिबेटचं पुढे काय?

झाडीपट्टीकर | ११ मार्च, २१:०५

मंडळी, काल मेव्हण्याकडे अर्जुनी मोरगावला होतो. नवेगावबांधला जायला निघालो तर गोठणगावच्या अलीकडे एस.टी. थांबलेली आणि तिच्यापुढे मोर्चा. पन्नास-साठ माणसं असतील. पुढे शाळेची पोरं, मागे कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं कापड बांधलेल्या म्हाताऱ्या, हातात सिंहांचा झेंडा. घोषणा हिंदीत: "तिबेट की आजादी, भारत की सुरक्षा." कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळत होता. मला विचारतो, "कोन्त्या पार्टीचे होत जी?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गोंदिया जिल्ह्यात प्रतापगड-गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नाव नोर्ग्येलिंग. १९७२ पासूनची. महाराष्ट्रातल्याही बऱ्याच लोकांना तिचा पत्ता नाही. १० मार्च हा १९५९ च्या ल्हासातल्या उठावाचा दिवस. दलाई लामांना चिनी छावणीतल्या कार्यक्रमाला बोलावलं होतं, ते परत येणार नाहीत या भीतीने हजारो लोकांनी नोर्बुलिंका राजवाड्याला वेढा घातला. आठवडाभराने, १७ तारखेच्या रात्री, दलाई लामा सैनिकी वेशात निसटले आणि ३१ मार्चला तवांगच्या बाजूने भारतात आले.

मोर्चा दहा मिनिटांत पुढे गेला. ऐकायला कोण होतं? मी, कंडक्टर आणि धानाच्या बांधीतले दोन बगळे. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. या लढ्याला खरंच काही भवितव्य आहे, की हा आता फक्त वर्षश्राद्धाचा विधी उरलाय?

खडूस_काका | ११ मार्च, २१:२२

विधी. २००३ मध्ये वाजपेयींच्या चीन दौऱ्यात आपण लिहून दिलं की तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग आहे. २००६ ला रेल्वे ल्हासाला पोचली. ज्या देशाला जगात एकही सरकार मान्यता देत नाही त्याचं भवितव्य काय विचारता?

बंड्या_बारामतीकर | ११ मार्च, २१:२४

रुमाल टाकून ठेवतो. धागा पेटणार.

बखरवाला | ११ मार्च, २२:५१

काका, तुमचा निकाल फार लवकर लागतो. "तिबेटी म्हणजे माळा ओढणारे" हा समज आधी काढून टाका.

पहिली ठिणगी ल्हासात पडलीच नाही. ती पूर्वेला खाम प्रांतात पडली, १९५६ मध्ये. तिथे जमिनी आणि मठ ताब्यात घ्यायला सुरुवात झाली तेव्हा खाम्पा लोक बंदुका घेऊन उठले. घोडा, बंदूक आणि भांडण याशिवाय खाम्पांचं जेवण पचत नाही, असं ल्हासावालेच म्हणायचे. लिथांगच्या मठावर चीनने विमानातून बॉम्ब टाकले. मग आंद्रुग गोम्पो ताशी नावाच्या व्यापाऱ्याने संघटना बांधली. कशी, ते ऐका. दलाई लामांना सोन्याचं सिंहासन अर्पण करायचं म्हणून गावोगाव वर्गणी गोळा केली. सिंहासन खरंच झालं, १९५७ मध्ये अर्पणही केलं, आणि त्या निमित्ताने कोणत्या गावात कोण भरवशाचा हेही कळलं. आपल्याकडे गणपतीच्या मंडपात जे चालायचं तेच. जून १९५८ मध्ये संघटना जाहीर झाली: छुशी गांगद्रुक, म्हणजे चार नद्या, सहा डोंगररांगा. खामचंच जुनं नाव.

अमेरिकेच्या सीआयएने यातले काहीजण निवडून कोलोरॅडोतल्या कॅम्प हेलला नेले. डोंगर, बर्फ, विरळ हवा म्हणून ती जागा. रेडिओ, हवाई छत्री, सुरुंग शिकवून परत तिबेटात उतरवले. बहुतेक मेले. १९६० पासून तळ नेपाळच्या मुस्तांगला गेला. १९६१ मध्ये त्यांनी एका चिनी ताफ्यावर छापा घातला आणि रक्ताने माखलेल्या पिशवीत सोळाशेहून जास्त पानांची लष्करी कागदपत्रं हाती आली. चीनमधला दुष्काळ, सैनिकांची उपासमार, सगळं त्यात. ज्यांनी ती पिशवी आणली त्यांतल्या बहुतेकांना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं.

शेवट वाईट आहे. अमेरिकेला चीनशी दोस्ती करायची होती, मदत आटली. १९७४ मध्ये नेपाळने सैन्य पाठवलं. शस्त्रं खाली ठेवा, असा दलाई लामांच्या आवाजातला निरोप टेपवर मुस्तांगच्या तळांवर ऐकवला. चिन्यांचं ऐकलं नसतं, नेपाळ्यांचं नसतं, पण त्या आवाजाला नाही कसं म्हणणार? ठेवली. काहींनी शस्त्रं ठेवली आणि जीव दिला.

खडूस_काका | ११ मार्च, २३:०३

म्हणजे माझंच म्हणणं. अमेरिकेने वापरून फेकलं, सेनापती ग्यातो वांगदू पळताना मारला गेला, खेळ खलास. छान लिहिलंत मात्र.

मीरा_देशमुख | १२ मार्च, ०८:१०

वांगदू भारताच्या हद्दीकडे निघाला होता, तिंकर खिंडीपर्यंत पोचला होता. अगदी थोडक्यात राहिलं. सकाळी चहा पिताना हे वाचलं, चहा गार झाला.

साम्यकुमार | १२ मार्च, १०:३७

सगळे एकाच सुरात गाताय म्हणून दुसरी बाजू. जुन्या तिबेटात काय रामराज्य होतं? सरदार आणि मठांच्या जमिनी, त्यावर बांधलेली कुळं, वेठबिगार, सावकारी. चीनने रस्ते, दवाखाने, शाळा नेल्या. दलाई लामांचं राज्य परत यावं असं तिथल्या गरिबाला का वाटावं?

बखरवाला | १२ मार्च, ११:१५

जुनी व्यवस्था वाईट होती हे खुद्द दलाई लामाही मान्य करतात. पण तुमच्या मुद्द्याला उत्तर तिबेटचा पहिला कम्युनिस्ट देतो. फुंत्सोक वांग्याल. १९३९ च्या सुमारास तिबेटी कम्युनिस्ट गट काढला, तिबेटला चीनचा भाग ठरवणाऱ्या १९५१ च्या सतरा कलमी करारात दुभाषा होता, चिनी फौज ल्हासात गेली तेव्हा बरोबर चालत होता. याच्याइतका लाल माणूस सापडणार नाही. त्याला १९६० मध्ये "स्थानिक राष्ट्रवादा"च्या ठपक्याखाली पकडलं आणि १८ वर्षं तुरुंगात ठेवलं, बहुतेक काळ एकट्याला कोठडीत. सुटल्यावर म्हातारपणी तो हू जिंताओंना पत्रं लिहीत राहिला, की दलाई लामांना परत येऊ द्या. सरदारांसाठी लिहीत नव्हता ना तो?

साम्यकुमार | १२ मार्च, ११:४०

हे माहीत नव्हतं. वाचतो. दवाखान्यांचा मुद्दा मात्र मागे घेत नाही.

सौ_कुळकर्णी_नागपूर | १२ मार्च, १२:०२

मला राजकारणातलं कळत नाही, पण आमच्या इथे थंडीत स्वेटरचा बाजार लावतात ते हेच लोक का? आम्ही सगळे त्यांना नेपाळीच म्हणायचो. भाव अजिबात करू देत नाहीत हो. "एक दाम" म्हणून पाटीच.

बंड्या_बारामतीकर | १२ मार्च, १२:०९

काकू, ते स्वेटर हिमालयातले नसतात, लुधियानाचे असतात. उधारीवर उचलतात आणि सीझन संपला की फेडतात. याकची लोकर समजून मी आठ वर्षं घातला तो ॲक्रिलिक निघाला. माझा या लढ्यातला त्याग नोंदवून ठेवा.

निळी_पहाट | १२ मार्च, १४:२६

२९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन करारात आपण काय सोडलं ते बघा. तिबेटातल्या ग्यांत्से आणि यातुंगला भारताच्या लष्करी तुकड्या होत्या, टपाल-तार आपली होती, विश्रामगृहं आपली होती. सगळं देऊन टाकलं, वर पंचशील. त्याच वर्षी २६ ऑगस्टला बाबासाहेब राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलले. माओंचा पंचशीलावर विश्वास असता तर त्यांनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांना निराळं वागवलं असतं, असा त्यांचा मुद्दा होता. आणि ल्हासा चीनला घेऊ दिल्याने आपणच चीनची सरहद्द आपल्या दारात आणून ठेवली, हा दुसरा. १९६२ च्या आठ वर्षं आधी. पंचशील हा शब्द बुद्धाचा, तो कुठे वापरला जातोय याचा राग यायला बाबासाहेबच हवे होते.

तोफखाना | १२ मार्च, १४:३१

नेहरूंनी घालवलं. संपला विषय.

खडूस_काका | १२ मार्च, १४:३३

आणि २००३ ला कोणी घालवलं?

व्यवस्थापक | १२ मार्च, १५:००

धाग्याचे काश्मीर करू नये. नेहरू, वाजपेयी यांच्यावर स्वतंत्र धागे आहेत, भरपूर आहेत. इथले अकरा प्रतिसाद उडवले आहेत.

मचाण | १२ मार्च, १८:४४

थोडं अवांतर, पण नाहीही. आम्ही चंद्रपूरकडचे, वाघांच्या कामातले. २००० नंतरच्या चार-पाच वर्षांत वाघ-बिबट्याची कातडी जायची कुठे याचा माग काढला की तो तिबेटात पोचायचा. तिथे सणाच्या अंगरख्याला, छुपाला, वाघाचा पट्टा लावणं ही प्रतिष्ठा झाली होती. जानेवारी २००६ मध्ये आंध्रातल्या अमरावतीला कालचक्र, म्हणजे दलाई लामांचा मोठा धर्मसोहळा, झालं. तिबेटातूनही चोरून लोक आले होते. दलाई लामा म्हणाले, तुमचे असे कपडे घातलेले फोटो बघून मला लाज वाटते.

पुढच्या काही आठवड्यांत तिबेटात ठिकठिकाणी लोकांनी कातडी चौकात आणून जाळली. लाखमोलाचा माल. चिनी अधिकारी गोंधळले, कारण वन्यजीव रक्षण हा तर त्यांचाही कायदा! पण हे कोणाच्या शब्दावर चाललंय ते दिसत होतं. जाळणाऱ्यांची धरपकड झाली आणि टीव्हीवरच्या तिबेटी निवेदकांना उलट कातडी घालूनच उभं राहायला सांगितलं गेलं.

झाडीपट्टीकर, याला तुम्ही विधी म्हणाल की लढा? मला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं की सत्तेचाळीस वर्षं देशाबाहेर असलेल्या माणसाचा हुकूम आत चालतो.

झाडीपट्टीकर | १२ मार्च, १९:२०

हे निव्वळ थोर आहे. आमच्या जंगलातला वाघ आणि ल्हासातला अंगरखा असा संबंध असेल हे स्वप्नातही आलं नव्हतं.

लोकल_८_१२ | १२ मार्च, २१:५५

जानेवारी २००२, मी नरिमन पॉइंटला नोकरीला. चीनचे पंतप्रधान झू रोंगजी समोरच्या पंचतारांकित हॉटेलात. जेवणाच्या सुट्टीत खाली गर्दी आणि सगळ्यांच्या माना वर. इमारतीला परांची बांधलेली होती, तिच्यावरून एक पोरगा चढून गेलेला. वर जाऊन "फ्री तिबेट"चा फलक सोडला आणि पत्रकं उडवली. एक पत्रक तरंगत आमच्या वडापाववाल्याच्या कढईत पडलं. तो शिव्या देत होता. नंतर पेपरात वाचलं, तेनझिन त्सुंदू, कवी, मुंबईतच शिकलेला. डोक्याला लाल पट्टी, ती स्वातंत्र्य मिळेपर्यंत काढणार नाही म्हणतो.

गोठणगावचा_तेन | १३ मार्च, ००:४८

नमस्कार. खूप वर्षं फक्त वाचतो, लिहायची पहिलीच वेळ. तो मोर्चा आमचा होता. पोरांच्या रांगेत माझी मुलगी होती, झेंड्याच्या डाव्या बाजूला, चपलेचा पट्टा तुटला म्हणून रडत होती.

माझा जन्म १९८४ चा, वसाहतीतला. कॉलेज अर्जुनीला, मराठी तिथलीच, चुकलं तर सांभाळून घ्या. वडील टू-टूमध्ये होते. बाहेर स्पेशल फ्रंटियर फोर्स म्हणतात, आम्ही टू-टू. १९६२ च्या युद्धाच्या शेवटी तिबेटी पोरांची ही फौज चक्रात्याला उभी केली, चीनशी लढायला म्हणून. पहिली मोठी लढाई मिळाली ती १९७१ ची, बांगलादेशात, चितगावच्या डोंगरात, पाकिस्तानशी. पन्नासच्या वर माणसं गेली. पदकं नाहीत, कारण कागदावर फौजच नव्हती. वडील त्या जंगलातल्या जळवांबद्दल सांगतात, बाकी काही सांगत नाहीत. २०२० मध्ये लडाखला न्यिमा तेनझिन सुरुंगाच्या स्फोटात गेले, शवपेटीवर तिरंगा आणि आमचा झेंडा दोन्ही होते, टीव्हीवर दाखवलं. वडील खुर्चीतून उठून उभे राहिले. टीव्ही बंद केल्यावरही बराच वेळ उभेच होते.

आता घरातलं भांडण सांगतो. वडील रांगझेनवाले, म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य. मी उमेलामवाला, मधला मार्ग, चीनमध्ये राहून खरी स्वायत्तता. कुंदुन, म्हणजे दलाई लामा, स्वतः १९८८ पासून जाहीरपणे हेच मागतायत. २००२ ते २०१० चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या, हाती काही लागलं नाही. वडील म्हणतात, "अर्धी भाकर मागितलीस म्हणून चतकोरही नाही मिळाली." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण कुंदुनच्या विरोधात एक शब्द मी बोलून बघावा! तिथे ते स्वातंत्र्यवाले राहत नाहीत.

दुसरं भांडण कागदाचं. १९५० ते जून १९८७ मध्ये भारतात जन्मलेला कायद्याने भारतीय. कोर्टानेही तसं सांगितलं. बहिणीने घेतलं नागरिकत्व, मतदान करते, तिच्या पासपोर्टवर कुठेही जाते. मी अजून निर्वासिताच्या नोंदणीवहीवर. ती नवी करायला ऑफिसात गेलो की एक बाबू दर वेळी विचारतो, "नेपाळहून कधी आलास?" मी म्हणतो, "साहेब, मी गोठणगावहून आलो, दहाच्या गाडीने." बहीण म्हणते, हट्ट सोड. आई म्हणते, सगळ्यांनी कागद घेतला तर दहा मार्चला कोण चालणार? बहीण म्हणते, मी येते ना चालायला. आणि खरंच येते.

काका म्हणतात विधी. असेल. पण साठ माणसं दिसली म्हणून सांगतो, वसाहतीतले निम्मे तरुण आता टोरोंटो नाहीतर पॅरिसला आहेत. २००८ च्या आधी दरसाल दोन-तीन हजार लोक डोंगर ओलांडून यायचे. आता वर्षाला काही डझन. सरहद्द बंद केली त्यांनी. मला भीती त्याची वाटते, फौजेची नाही.

खडूस_काका | १३ मार्च, ०७:०२

तेन, मराठी उत्तम आहे. इथल्या निम्म्या लोकांपेक्षा बरी. "विधी" शब्दाबद्दल माफी मागत नाही, पण पुन्हा वापरणार नाही.

मीरा_देशमुख | १३ मार्च, ०९:३०

आत राहिलेले लोक काय करतात? २००९ पासून दीडशेहून जास्त जणांनी स्वतःला जाळून घेतलं एवढं माहीत आहे, त्यावर लिहायला हात धजत नाही. पण रोजच्या जगण्यात?

गोठणगावचा_तेन | १३ मार्च, १३:१५

मीराताई, ल्हाकार. "पांढरा बुधवार". बुधवार हा कुंदुनचा "आत्म्याचा वार" मानतात. २००८ मध्ये पठारभर निदर्शनं झाली, ती चिरडली, त्यानंतर हे वाढलं. त्या दिवशी तिबेटी कपडे घालायचे, त्साम्पा खायचा, तिबेटी दुकानातूनच घ्यायचं आणि शुद्ध तिबेटी बोलायचं. बोलण्यात चिनी शब्द आला तर दंड. फोन, फ्रिज यांना तिबेटी शब्द शोधत बसतात. कोणाला पकडणार? बुधवारी त्साम्पा खाल्ला हा काय गुन्हा?

बंड्या_बारामतीकर | १३ मार्च, १३:२१

हा नियम या संस्थळावर लावला तर व्यवस्थापक एका बुधवारात श्रीमंत होतील. त्साम्पा म्हणजे?

गोठणगावचा_तेन | १३ मार्च, १३:३४

तुमचं सातूचं पीठच की. सातू भाजून दळायचे, वाटीत लोण्या-मिठाचा चहा थोडा ठेवून त्यावर पीठ, आणि बोटांनी वाटी फिरवत मळायचं. नवशिक्याचं पीठ अंगावर सांडतं. मुलीचं अजून सांडतं.

बखरवाला | १३ मार्च, १६:४०

बुधवार पुरेल असं मला वाटत नाही. शाळा बघा. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सांगितलं की सुमारे दहा लाख तिबेटी मुलं सरकारी निवासी शाळांत आहेत, शिक्षण चिनी भाषेतून. गावच्या शाळा बंद केल्या की पोर आपोआप वसतिगृहात जातं. ताशी वांगचुक नावाच्या दुकानदाराने फक्त तिबेटी भाषेतून शिकवा एवढंच म्हटलं, चिनी राज्यघटनेचाच आधार देऊन, त्याला पाच वर्षं तुरुंग. एका पिढीत भाषा गेली तर ल्हाकार पाळणार कोण?

दुसरी कसोटी वारसाची. जुलै २०२५ मध्ये नव्वदीच्या वाढदिवसाआधी दलाई लामांनी सांगितलं की परंपरा चालू राहील आणि पुढचा अवतार ओळखायचा हक्क त्यांच्या गादेन फोद्रांग ट्रस्टचाच. चीन म्हणतं सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढायची आणि मान्यता आमची. देव न मानणारा पक्ष पुनर्जन्माचे परवाने देतो, २००७ चा रीतसर आदेश आहे! १९९५ मध्ये सहा वर्षांच्या गेधुन छोएक्यी न्यिमाला दलाई लामांनी पंचेन लामा, म्हणजे त्यांच्या खालोखालचा मोठा लामा, म्हणून जाहीर केलं, तीन दिवसांत त्याला उचललं, तो पुन्हा लोकांसमोर आलेला नाही. पुढे दोन दलाई लामा होणार हे धरून चाला. माझा अंदाज: चीनचा माणूस सिंहासनावर बसेल आणि लोक मान खाली घालून दुसऱ्याचं नाव घेतील.

साम्यकुमार | १३ मार्च, १७:२८

फुंत्सोक वांग्यालबद्दल रात्रभर वाचलं. गप्प आहे. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये देर्गेला कामतोक धरणाविरुद्ध भिक्षू आणि गावकरी अधिकाऱ्यांसमोर गुडघे टेकून हात जोडून बसले होते, तो व्हिडिओ पाहिला. मठ आणि गावं बुडणार म्हणून. शेकडोंना पकडलं. धरणग्रस्तांच्या मोर्चात मी स्वतः चाललोय. ते दृश्य परकं नाही वाटलं.

खडूस_काका | १३ मार्च, १८:०५

मूळ प्रश्नाकडे. स्वातंत्र्य: माझ्या हयातीत नाही, मत कायम. पण १९८५ साली लिथुआनियाबद्दल कोणी विचारलं असतं तर मी हेच, याच थाटात सांगितलं असतं, आणि पाच-सहा वर्षांत तोंडावर पडलो असतो. फरक एवढाच की तेव्हा मॉस्को मोडकळीला आलं होतं. बीजिंग आलेलं दिसत नाही.

तेन, एक विचारू? मुलीला तिबेटी लिहिता येतं का?

गोठणगावचा_तेन | १३ मार्च, २२:१९

येतं काका. वसाहतीच्या शाळेत शिकवतात. पण आजोबांना पत्र लिहिते त्यात अर्धे शब्द हिंदी आणि मराठी असतात, तिबेटी अक्षरात. परवा "कंटाळा" लिहिलं होतं. वडिलांनी लाल पेनने गोल केला, खाली बरोबर शब्द लिहायला गेले आणि अडले. मग मला हाक मारली. मलाही नाही आठवला. शेवटी तिथेच "कंटाळा" राहिला.

सौ_कुळकर्णी_नागपूर | १३ मार्च, २२:४७

तेन दादा, यंदा डिसेंबरात नागपूरला कोणी येणार आहे का तुमच्यापैकी? मला मरून रंगात हवाय, पुढून बटणांचा. भाव करणार नाही.

गोठणगावचा_तेन | १३ मार्च, २२:५२

आई येते काकू. करा भाव, तिला आवडतं. देत नाही ती गोष्ट वेगळी.